अंथरूण पाहून ‘पाय’: एवढ्याशा कॉम्प्युटरला कुठला मेकॅनिकल कीबोर्ड?

रात्री साडेअकरा वाजता, रास्पबेरी पाय या एवढ्याशा कॉम्प्युटरसमोर बसून, मला फक्त एक उभी रेघ हवी होती. लिनक्स या त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या काळ्या पडद्यावर एका कमांडचं उत्तर दुसऱ्या कमांडच्या हातात द्यायचं असेल तर मधे ही रेघ (|) लागते. तिला पाइप म्हणतात. कीबोर्ड नवाकोरा, एंटरच्या डोक्यावरच्या बटणावर रेघ ठसठशीत छापलेली. शिफ्ट धरून दाबलं, तर उमटली लाट (~). शिफ्ट सोडून दाबलं, तर जाळी (#). मग एकेक करून सगळी बटणं दाबून पाहिली. रेघ कुठेच नाही. दुकानदाराने गंडवलं असं म्हणून सकाळी कीबोर्ड परत द्यायला निघालोच होतो.

दोष माझा होता. कीबोर्ड अक्षरं पाठवतच नाही, नंबर पाठवतो. ‘ए’चं बटण दाबलं की यूएसबीच्या तारेतून ४ जातो, ‘बी’ दाबलं की ५. रेघेचं ते बटण ४९ पाठवतं. त्या ४९चं काय करायचं हे पलीकडचा कॉम्प्युटर ठरवतो, तेही आपण त्याला सांगून ठेवलेला ‘लेआउट’ बघून. बटणावर काय छापलंय याचा त्याला पत्ताही नसतो. बटणाची वरची टोपी, म्हणजे कॅप, उपटून तिथे गणपतीचं चित्र चिकटवलं तरी ४९च जाणार. आता, रास्पबेरी पाय हे पोर मूळचं इंग्लंडातल्या केंब्रिजचं. पायची सगळी सिस्टिम ज्यावर असते ते मेमरी कार्ड तयार करताना मी घाईघाईत पुढे-पुढे दाबत गेलो आणि लेआउट ब्रिटिशच राहिला. ब्रिटिश कीबोर्डाला डाव्या शिफ्टशेजारी एक जादा बटण असतं, त्याचा नंबर १००, आणि उभी रेघ तिथे असते. आपल्या दुकानांत मिळतात ते बहुतेक कीबोर्ड अमेरिकन बैठकीचे. त्यांना १०० नंबरचं बटणच नाही. थोडक्यात, माझी रेघ मी कधी न घेतलेल्या खोलीत राहायला गेली होती. रास्पी-कॉन्फिग या सेटिंगच्या प्रोग्रॅममध्ये जाऊन लेआउट ‘यूएस’ केला, दोन मिनिटांत परत आली.

हे आधी सांगितलं, कारण मित्रमंडळी मला विचारतात ते वेगळंच: “निळा स्विच घेऊ की तपकिरी?” स्विच म्हणजे मेकॅनिकल कीबोर्डात प्रत्येक बटणाखाली असते ती डबी. पायसारख्या छोट्या कॉम्प्युटरसाठी तो अगदी शेवटचा प्रश्न. त्याआधी बघायचं ते कुठली बटणं तुम्हाला रोज लागतात, पाय किती करंट देऊ शकतो, आणि टेबलावर जागा किती आहे.

जागेपासूनच सुरुवात करू, कारण मुंबईत सगळं तिथूनच सुरू होतं. आमची गिरगावातली खोली दहा बाय बारा. पाय टीव्हीच्या पाठीमागे चिकटवलेला. तो ८५ बाय ५६ मिलिमीटर, म्हणजे एटीएम कार्डाएवढा, त्यामुळे त्याची जागा कुणाला विचारावी लागत नाही. त्याचा धाकटा भाऊ झीरो तर ६५ मिलिमीटरचा. साध्या कीबोर्डाची स्पेसबारच ११९ मिलिमीटर असते, म्हणजे तिच्यावर दोन झीरो शेजारी शेजारी ठेवले तर जेमतेम सेंटीमीटरभर बाहेर येतील. अडतो तो कीबोर्ड. भिंतीला लावलेल्या फोल्डिंग टेबलावर जेवणाची ताटंही असतात, पोराचा अभ्यासही असतो, आणि त्यातून उरेल तिथे मी.

कीबोर्डांचे आकार टक्क्यांत सांगतात. ही टक्केवारी सराफाच्या काट्यावरची नाही, अंदाजाने पडलेली नावं आहेत. पूर्ण कीबोर्डाला १०४ बटणं. उजवीकडची आकड्यांची पेटी काढली की राहतात ८७. याला ‘टेनकीलेस’ म्हणतात. पंचाहत्तर टक्केवाल्यात बाण आणि वरची एफ-रांग (एफ१ ते एफ१२) एकमेकांना चिकटवून साधारण ८४. पासष्टमध्ये एफ-रांग जाते, बाण राहतात, साधारण ६८. साठमध्ये बाणही जातात, ६१ उरतात. चाळीसमध्ये आकड्यांची रांगसुद्धा गायब.

नावांपेक्षा टेप घेऊन मोजलेलं बरं. एका अक्षराच्या बटणापासून शेजारच्या बटणापर्यंतचं अंतर जवळजवळ सगळीकडे सारखंच, १९.०५ मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंच. पूर्ण कीबोर्ड असा साडेबावीस बटणं रुंद, म्हणजे ४३ सेंटीमीटरच्या आसपास. टेनकीलेस ३५. साठवाला पंधरा बटणं, साडेअठ्ठावीस सेंटीमीटर. पासष्टवाला सोळा बटणं, साडेतीस. (कडेची फ्रेम वेगळी धरा.) शेवटचे दोन आकडे पुन्हा एकदा वाचा. साठ आणि पासष्टमधला फरक आहे एका बटणाचा, दोन सेंटीमीटरसुद्धा नाही. तेवढ्या जागेसाठी चार बाण सोडून द्यायचे. मी दिले होते. पहिला कीबोर्ड साठवाला घेतला, दिसायला काय देखणा!

पण पायवर काम करणाऱ्या माणसाचे बाण हे पाय असतात. मघाशी दिलेली कमांड परत हवी असेल तर वरचा बाण. तिच्यात एक अक्षर चुकलं असेल तर डावा बाण. साठवाल्यात त्यासाठी एफएन (फंक्शन) हे बटण धरून दुसरं एखादं बटण दाबायचं. सवय होते, नाही असं नाही. शिवाय कंट्रोल धरून ‘पी’ दाबलं तरी मागची कमांड येते. पण रोज शंभर वेळा लागणाऱ्या गोष्टीसाठी दोन बोटं गुंतवायची कशाला? त्याहून त्रास डाव्या कोपऱ्याचा. साठवाल्यात तिथे एस्केप बसतं, म्हणून मूळ तिथे राहणारी लाट (~) एफएनच्या पोटात जाते. लिनक्समध्ये लाट म्हणजे ‘माझं घर’, माझ्या फाइलींचा फोल्डर. ती काढायची तर एफएन, शिफ्ट आणि एस्केप, तिन्ही एकदम. घरी जायला तीन कुलपं.

एफ-रांगेचं तेवढं वाईट वाटत नाही. पडदा अडकला की कंट्रोल, ऑल्ट आणि एफ२ दाबून दुसऱ्या टर्मिनलवर उडी मारता येते, तेवढ्यापुरती ती लागते. ज्यांना मिडनाइट कमांडरसारखे एफ-बटणांवर चालणारे जुने प्रोग्रॅम आवडतात त्यांनी मात्र पंचाहत्तरवालाच घ्यावा; तो रुंदीला पासष्टएवढाच, फक्त एक रांग जास्त, म्हणजे पुढे-मागे दोन सेंटीमीटर वाढतो.

चाळीसवाल्याबद्दल मी आणखी कडक आहे, आणि ते मराठीमुळे. मराठी टायपिंग इन्स्क्रिप्टने करणाऱ्यांना माहीत असेल, तिथे डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, आणि व्यंजनं उजवीकडे पार कंसांपर्यंत पसरलेली. ‘ड’ चौकटी कंसाच्या बटणावर. ‘ट’ अवतरणचिन्हावर. ‘ृ’ बरोबरच्या खुणेवर. आणि ‘ॉ’ कुठे? त्याच ४९ नंबरवर, जिथे आमची उभी रेघ आहे. शिफ्ट धरली की तिथेच ‘ऑ’. चाळीसवाल्यात नेमकी हीच उजवी कड कापलेली असते. ‘डॉक्टर’ लिहायला घेतलं तर पहिल्या दोन खुणांसाठीच एफएन धरावं लागतं. ‘ऑफिस’च्या पहिल्या अक्षराला एफएन आणि शिफ्ट दोन्ही. इंग्रजीत प्रोग्रॅम लिहिणारे लोक चाळीसवाल्याचं कौतुक करतात ते खोटं नाही. पण आपली वर्णमाला त्यांच्यापेक्षा मोठी, तिला घरही मोठं लागतं. साठ आणि पासष्टमध्ये ही सगळी बटणं जागेवर असतात.

आता करंट. इथे माझं एक मेमरी कार्ड गेलं.

यूएसबी २च्या नियमानुसार एखादं उपकरण एका पोर्टातून ५०० मिलिअँपिअरपर्यंत मागू शकतं. बिनदिव्याचा मेकॅनिकल कीबोर्ड त्यातला किरकोळ भाग घेतो. रंगीत दिवेवाला मात्र प्रत्येक बटणाखाली एलईडी पेटवून बसतो, आणि सगळे पांढरे, पूर्ण उजेडात लावले की भूक वाढते. मोठ्या कॉम्प्युटरला हे जाणवतही नाही. पायचं गणित तंग असतं: पाय ४वर चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअर. पाय ५ला त्याचा ५ व्होल्ट ५ अँपिअरचा पॉवर सप्लाय दिला तर १.६, पण ३ अँपिअरचा लावला तर तो स्वतःच यूएसबीला फक्त ०.६ अँपिअर देतो. त्यात माउस, त्यात पेनड्राइव्ह, त्यात तुमची दिवाळी.

“पण माझा फोनचा चार्जर ६५ वॅटचा आहे,” असं म्हणाल. फोनचे फास्ट चार्जर वॅट वाढवतात ते बहुतेक व्होल्ट चढवून, नऊ, बारा, वीस असे. पायला चढे व्होल्ट नकोत, त्याला पाचच हवेत, आणि पाचवर ते चार्जर सहसा तीनच अँपिअर देतात. माझ्याकडे तर त्याहून जुना चार्जर आणि सुतळीसारखी बारीक केबल होती. पडद्याच्या कोपऱ्यात विजेची खूण चमकायची, व्होल्टेज ४.६३च्या खाली गेलं की पाय तशी सूचना देतो. मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. एका रात्री कीबोर्डावर इंद्रधनुष्य फिरवत फाइल साठवायला गेलो आणि पाय मधेच बंद होऊन परत सुरू झाला. कार्ड त्यानंतर उघडलं नाही. दिवे हवेतच असतील तर बंद करायची सोय बटणावर आहे ना, आणि ते बंद केलेले पुढच्या वेळी बंदच राहतात ना, एवढं पाहून घ्या.

या सोयीवरून आणखी एक खोच. दिवे बदलायचे, बटणं इकडची तिकडे करायची, यासाठी बऱ्याच कंपन्या एक सॉफ्टवेअर देतात. ते विंडोजचं असतं. पायवर विंडोज नाही, आणि प्रोसेसरही एआरएम जातीचा, त्यामुळे साध्या पीसीच्या लिनक्ससाठी बनवलेला प्रोग्रॅमसुद्धा त्याच्यावर तसाच चालेल असं नाही. म्हणून खोक्यावर ‘क्यूएमके’ किंवा ‘व्हीआयए’ ही अक्षरं शोधा. क्यूएमके हे कीबोर्डाच्या आतल्या चिपवर चालणारं खुलं सॉफ्टवेअर, आणि व्हीआयए हे त्यातली बटणं बदलायचं साधन. केलेले बदल कीबोर्डाच्या पोटातच राहतात, मग तो कशालाही जोडा. गंमत म्हणजे अशा कित्येक कीबोर्डांच्या आत आज जी चिप असते ती आरपी२०४०, रास्पबेरी पायवाल्यांनीच २०२१मध्ये काढलेली. पायला जोडलेला कीबोर्ड आतून पायचाच चुलत भाऊ निघू शकतो.

बिनतारी घ्यावा का? टेबलावर तार नको हे मलाही पटतं. पण ब्लूटूथ कीबोर्ड जिवंत होतो तो ऑपरेटिंग सिस्टिम उठल्यावर. त्याआधीचं काहीही, नेटवरून नवं इन्स्टॉल करणं वगैरे, तारेच्या कीबोर्डाशिवाय होत नाही. पेअरिंग तुटलं तर परत जोडायलाही दुसरा कीबोर्ड लागतो. यूएसबीत खोचायचा छोटा डोंगल असलेला त्यापेक्षा बरा, फक्त तो पाय ४च्या निळ्या पोर्टांत लावू नका. निळे म्हणजे यूएसबी ३. त्या वेगाच्या तारांतून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट बाहेर पडतो, इंटेलने २०१२मध्ये यावर अख्खा कागद लिहिलाय, आणि डोंगल नेमका त्याच लहरींवर बोलतो. अक्षरं गळायला लागतात, माणूस बॅटरी बदलत बसतो. काळ्या पोर्टात लावा. झीरोला मोठा पोर्टच नाही. मायक्रो यूएसबीची दोन भोकं दिसतात, त्यातलं टोकाकडचं फक्त विजेचं. आतल्या भोकाला ओटीजी अडॅप्टर (त्याला मोठा पोर्ट असतो), आणि माउसही हवा असेल तर हब. मी तार घेतली, तीही काढता-घालता येणारी, म्हणजे केबल तुटली तर केबलच बदलायची.

आणि आता, एकदाचे, स्विच.

साध्या कीबोर्डात सगळ्या बटणांखाली रबराचा एकच तक्ता असतो. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाची स्वतंत्र डबी: आत स्प्रिंग, वरखाली होणारा दांडा, आणि तांब्याची पातळ पट्टी. दांड्याचा खांदा ती पट्टी दाबून धरतो. बटण साधारण दोन मिलिमीटर खाली गेलं की खांदा बाजूला सरतो आणि पट्टी समोरच्या टोकाला टेकते. टेकली की नंबर गेला. तळापर्यंतचा प्रवास चार मिलिमीटर, म्हणजे अर्ध्या वाटेतच काम झालेलं असतं. लाल, तपकिरी, निळा ही नावं जर्मनीच्या चेरी कंपनीच्या दांड्यांच्या रंगांवरून पडली आणि बाकीच्यांनीही उचलली. लाल सरळ खाली जातो. तपकिरीच्या वाटेत एक बारीक उंचवटा, बोटाला कळतो, कानाला नाही. निळ्याच्या दांड्यावर एक सुटा तुकडा असतो, तो उंचवटा ओलांडताना उडी मारतो आणि खट्ट वाजतो.

तो खट्ट आवाज दुकानात फार गोड वाटतो. लॅमिंग्टन रोडच्या गर्दीत काहीही गोडच वाटेल. आमच्या चाळीत मधली भिंत लाकडी फळ्यांची. तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी सकाळी दारातच गाठलं. “अरे, तुमच्याकडे पाल झालीय का मोठी? रात्री दीड-दीड वाजेपर्यंत चुकचुकत असते. मी आपली प्रत्येक वेळी ‘कृष्ण कृष्ण’ म्हणत उठून बसते.” निळा कीबोर्ड त्याच आठवड्यात डोंबिवलीच्या भाच्याकडे गेला. त्याला स्वतंत्र खोली आहे, नशीबवान.

आवाजापेक्षा मुंबईत जास्त महत्त्वाचा पावसाळा, आणि त्याविषयी कुणी बोलत नाही. ती तांब्याची पट्टी टेकते तेव्हा एकदाच टेकत नाही. चेंडूसारखी दोन-चार वेळा बारीक उसळते. त्या उसळ्या म्हणजे नवा दाब नव्हे, हे कळण्यासाठी चिप काही क्षण कान बंद ठेवते. क्यूएमकेमध्ये ठरलेले ५ मिलिसेकंद. पण दमट हवेत, धुळीत, पट्टीवर पापुद्रा चढला की ती नीट टेकत नाही, जास्त वेळ थरथरते आणि पाच मिलिसेकंदांनंतरही उसळत राहते. दुसऱ्या वर्षी जुलैत माझा ‘एल’ एकदा दाबला की दोनदा उमटायला लागला. बटण सोल्डर केलेलं असतं तर तापती सळई घेऊन बसावं लागलं असतं. माझा ‘हॉट-स्वॅप’ होता, म्हणजे स्विच नुसता खोचलेला. चिमट्याने ‘एल’चा स्विच काढला, पेज-डाउनचा तिथे बसवला, आजारी स्विच पेज-डाउनला दिला. तिथे तो पेन्शनीत आहे. मुंबईत राहणाऱ्याने सोन्याचा मुलामा, रंगीत दिवे, बाकी काही असो-नसो, हॉट-स्वॅप मात्र सोडू नये असं माझं ठाम मत आहे. जादा स्विच घेताना पायांची संख्या बघा: पाच पायांचा स्विच तीन भोकांच्या कीबोर्डात पाय कापल्याशिवाय बसत नाही.

कॅप पीबीटी प्लॅस्टिकच्या मिळाल्या तर घ्या. एबीएसच्या कॅप घामाच्या बोटांनी वर्षभरात तुळतुळीत होतात.

ज्यांना यातलं काहीच करायचं नाही त्यांच्यासाठी रास्पबेरी पायवाल्यांनीच सोय केलीय. २०२०चा पाय ४०० आणि २०२४चा पाय ५०० म्हणजे कीबोर्डाच्याच आत अख्खा कॉम्प्युटर, पण त्यांची बटणं साधी, लॅपटॉपसारखी. सप्टेंबर २०२५मध्ये आलेल्या ५०० प्लसला मात्र खरे मेकॅनिकल स्विच आहेत, बुटक्या जातीचे, आणि वरच्या कॅप बदलता येणाऱ्या. आत १६ जीबी रॅम आणि २५६ जीबीची एसएसडी. त्याचे स्विच निळ्या जातीचे, तेव्हा पालीचा प्रश्न ज्याने त्याने आपल्या भिंतीप्रमाणे सोडवावा.

मी अजूनही प्रत्यक्ष दुकानातच जातो. ग्रँट रोडला पूर्वेला उतरायचं, पाटीवर डॉक्टर भडकमकर मार्ग असं लिहिलेलं असतं आणि सगळे लॅमिंग्टन रोडच म्हणतात. रविवार सोडून जावं. पिशवीत पाय, त्याचा स्वतःचा पॉवर सप्लाय आणि एचडीएमआय केबल घेऊन जातो. काउंटरवर स्क्रीन असतोच. मागच्या महिन्यात एका मित्रासाठी पासष्टवाला बघायला गेलो तेव्हाही तसंच केलं. दिवे पूर्ण लावून विजेची खूण येते का पाहिली, लाट काढली, रेघ काढली, मग इन्स्क्रिप्ट लावून अवघड शब्द टाइप करत बसलो: डॉक्टर, ऑपरेशन, हृदय, मृत्यू. दुकानदार खांद्यावरून वाचत होता. त्याने गल्ल्यावरच्या पोराला चहा सांगितला आणि मला हळूच विचारलं, “साहेब, घरी कोण आजारी आहे?”